शाळेचे तास आणि सुगीचे दिवस

मुंबई इलाख्याचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याच्या कारकिर्दीत, १८२४च्या सुमारास, सरकारने जिल्ह्याजिल्ह्यांच्या कलेक्टरांकडून गावोगावच्या शाळांची माहिती मागवली. शाळा किती, मुले किती, पंतोजीला काय मिळते, असे ते प्रश्न होते. कलेक्टरांनी आकडे पाठवले, पंतोजींच्या मिळकतीचा हिशेबही दिला. पण आज ज्याला आपण शैक्षणिक वर्ष म्हणतो, ते या शाळांना नव्हतेच. चांगला दिवस बघून मुलाला शाळेत बसवायचे आणि घरच्या हिशेबापुरते लिहिता-वाचता आले की काढून घ्यायचे. इयत्ता नव्हत्या, वार्षिक परीक्षा नव्हती, जूनला शाळा सुरू होण्याचा प्रश्नही नव्हता.

शाळा भरायची एखाद्या वाड्याच्या ओसरीवर, देवळात किंवा पंतोजीच्याच घरी. नव्या मुलापुढे धूळपाटी यायची. लाकडी फळीवर बारीक धूळ किंवा विटेची पूड पसरायची, तिच्यावर टोकदार काडीने अक्षर गिरवायचे, फळी हलवून ते मोडायचे आणि पुन्हा गिरवायचे. मग उजळणी, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, मोडीचे वळण. सकाळी एक बैठक, जेवून आल्यावर दुसरी, आणि दिवेलागणीला सगळ्यांनी मिळून मोठ्याने म्हणायचा परवचा. अमावास्या-पौर्णिमेला सुट्टी. सणाला सुट्टी. पेरणीत घरी माणूस कमी पडले तर मूल दिसायचे नाही, काम उरकले की पुन्हा येऊन आपल्या जागी बसायचे. प्रत्येक मुलाचा धडा वेगळा असल्याने त्याचे फारसे काही बुडत नसे.

या सैलपणाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. त्या ओसरीवर मुली नव्हत्या, अस्पृश्य मानलेल्या जातींची मुले नव्हती, शेतकऱ्यांची मुलेही थोडीच होती. तरी शाळेचा वेळ गावाच्या कामाकडे बघून ठरे, ही एक गोष्ट त्या व्यवस्थेत खरी होती. पुढची दोनशे वर्षे महाराष्ट्रात शाळेचे दिवस आणि तास किती असावेत यावर जे वाद झाले, त्यांच्या मुळाशी हीच गोष्ट पुन्हा पुन्हा येते.

१८२६मध्ये मुंबईत तयार केलेले २४ शिक्षक इलाख्याच्या जिल्ह्यांत पाठवले गेले आणि सरकारी धर्तीच्या मराठी शाळा सुरू झाल्या. १८५४च्या वुडच्या खलित्यानंतर, १८५५मध्ये, मुंबई इलाख्यात शिक्षणखाते उभे राहिले. खाते आले की तपासनीस आला. तपासनीस आला की हजेरीपट आला, इयत्ता आल्या, नेमलेली क्रमिक पुस्तके आली आणि वर्षाअखेरची परीक्षा आली. अनुदान परीक्षेच्या निकालावर द्यायचे ठरले तेव्हा तर सगळ्या मुलांनी एकाच वेळी वर्ष सुरू करणे आणि एकाच वेळी संपवणे भागच पडले. इंग्रजी कचेऱ्यांबरोबर रविवारची सुट्टी शाळेत आली, उन्हाळ्याची लांब सुट्टीही बसली.

हे वेळापत्रक गावात कसे बसले, ते बघण्यासारखे आहे. शाळा उघडते जूनमध्ये, म्हणजे मृगाच्या पावसावर पेरणीची धांदल सुरू होते त्याच दिवसांत. मग लावणी, खुरपणी. या सगळ्या कामांना लहान हातही लागतात, आणि शाळा जोरात चालू असते. मे महिन्यात शेत रिकामे असते तेव्हा शाळेला कुलूप. उन्हाचा प्रश्न खराच होता आणि आजही आहे. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात त्या याच कारणाने. पण ऊन आणि खात्याची सोय यांचा विचार झाला, तेवढा शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाच्या दिवसाचा झाला नाही.

आणि पैसे तर शेतकरीच भरत होता. १८६०च्या दशकात जमीनमहसुलाच्या दर रुपयामागे एक आणा स्थानिक पट्टी बसली आणि तिच्यातला वाटा शाळांवर खर्च होऊ लागला. जोतीराव फुले यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर शिक्षण आयोगापुढे जे निवेदन दिले, त्याचा सूर याच अन्यायावर आहे. रयतेच्या घामातून आलेला पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर जातो, हे त्यांनी स्पष्ट मांडले. निदान वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणी केली. त्याच वेळी गरिबाचे मूल शाळेत का येत नाही हेही त्यांनी सांगितले: त्याला गुरे राखायची असतात, शेतावर जायचे असते, म्हणून त्याला शिष्यवृत्ती द्या, सहामाही-वार्षिक बक्षिसे द्या. फुले हे बोलत होते ते अनुभवातून. दिवसा राबणाऱ्यांसाठी १८५५मध्येच त्यांनी पुण्यात रात्रीची शाळा चालवली होती.

हंटर आयोगाने आपल्या शिफारशींत एक अगदी शहाणी गोष्ट लिहून ठेवली. शाळेच्या दिवसातल्या वेळा आणि वर्षातले हंगाम यांबाबत होईल तेवढी लवचीकता ठेवावी, विशेषतः शेतीवर जगणाऱ्या गावांत आणि मागासलेल्या भागांत. रात्रशाळांना उत्तेजन द्यावे, असेही म्हटले. शिफारस छापली गेली. गावच्या शाळेचे घड्याळ मात्र होते तिथेच राहिले.

मुंबईत वेळेचा प्रश्न आणखी कठोर रूपात उभा होता. १८८१च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात लावायला बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम घेऊ नये असे ठरवले. १८९१च्या कायद्याने किमान वय नऊ केले आणि चौदापर्यंतच्या मुलांचे तास सातवर आणले. ही सुधारणा होती, यावरूनच आधीची स्थिती कळते. जे मूल सात तास गिरणीत उभे राहते, त्याच्यासाठी शाळा किती तासांची ठेवणार? फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्याला यश येऊन १८९०मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. अनेक बालकामगारांच्या आठवड्यात मोकळा दिवस म्हणून काय तो तेवढाच.

सक्तीची मागणी पुढे नेली ती संस्थानिकांनी. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १८९३मध्ये अमरेली तालुक्यातल्या काही गावांत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६मध्ये तो सगळ्या संस्थानाला लागू केला. बडोद्याचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवून गोपाळ कृष्ण गोखले यांनी १६ मार्च १९११ रोजी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे आपले विधेयक मांडले. सहा ते दहा वर्षांच्या मुलांपुरती, तीही स्थानिक संस्थांच्या मर्जीवर सोडलेली, अशी माफक मागणी होती. मार्च १९१२मध्ये ती ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळली गेली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७मध्ये सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. १९१८मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यातल्या नगरपालिकांना सक्ती करण्याचा अधिकार मिळाला.

सक्तीने मुलांची नावे पटावर येतात. ती टिकतात का, हा निराळा प्रश्न. १९२९च्या हारटोग समितीने त्याचे उत्तर आकड्यांत दिले: ब्रिटिश हिंदुस्थानात १९२२-२३ साली पहिलीत असलेल्या दर १०० मुलग्यांपैकी १९२५-२६ साली चौथीत फक्त १८ होते. बाकीचे नापास होऊन मागे राहिले किंवा शाळाच सोडून गेले. शाळेच्या वेळा आणि सुट्ट्या हंगामाप्रमाणे आणि स्थानिक गरजेप्रमाणे बेताव्यात, असे या समितीनेही सांगितले. हंटरच्या जवळजवळ पन्नास वर्षांनी तीच सूचना पुन्हा करावी लागली!

यानंतरची पंधरा-वीस वर्षे या इतिहासातली सर्वांत भरगच्च आहेत, कारण या काळात दोन उलट दिशांचे विचार महाराष्ट्रातूनच पुढे आले.

पहिला वर्ध्याचा. १९३७मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि झाकिर हुसेन समितीने मूलोद्योगी शिक्षणाची योजना आखली. तिचे वेळापत्रक मुळातून बघावे. शाळेचा दिवस साडेपाच तासांचा. त्यात ३ तास २० मिनिटे मूलोद्योग, ४० मिनिटे संगीत, चित्रकला आणि गणित, ४० मिनिटे मातृभाषा, ३० मिनिटे समाजशास्त्र आणि सामान्य विज्ञान, १० मिनिटे व्यायाम, १० मिनिटे मधली सुट्टी. वर्षाचे कामाचे दिवस २८८, म्हणजे महिन्याला सरासरी २४. गुणाकार केला तर वर्षाला १,५८४ तास होतात. आजच्या कायद्याने पहिली ते पाचवीला जे किमान तास ठरवले आहेत, त्यांच्या जवळजवळ दुप्पट. वर्ध्याच्या योजनेला शाळा आणि जगणे यांच्यातली भिंतच काढायची होती. मूल सूत कातायला शिकते, त्या कामातूनच मोजमाप आणि हिशेब शिकते, तर ते दिवसभर शाळेत राहायला हरकत काय, असा हा विचार होता.

दुसरा विचार रामचंद्र विठ्ठल परुळेकरांचा. मुंबई महापालिकेच्या शाळांचा कारभार पाहिलेला हा माणूस. एल्फिन्स्टनच्या काळातल्या त्या पाहणीची कागदपत्रे संपादित करून छापली ती यांनीच. शाळा थोड्या पण चांगल्या असाव्यात, हा हारटोग समितीचा सूर परुळेकरांना मुळीच मान्य नव्हता. करोडो मुले शाळेबाहेर असताना आधी विस्तार, असे ते म्हणत. आणि त्यासाठी त्यांनी पाळी पद्धतीचा पुरस्कार केला. एकच खोली, एकच शिक्षक. सकाळी एक तुकडी, दुपारी दुसरी. प्रत्येक मुलाला अडीच-तीन तास मिळतील, पण त्याच पैशांत दुप्पट मुले शिकतील. शिवाय अर्धा दिवस मोकळा राहिल्याने गरीब आई-बापांना मूल शाळेत धाडणे परवडेल.

वर्ध्याचे साडेपाच तास आणि परुळेकरांचे तीन तास, यांत वरवर छत्तीसचा आकडा दिसतो. वर्ध्याच्या वेळापत्रकातून मूलोद्योग, व्यायाम आणि मधली सुट्टी वजा केली तर मात्र संगीत-चित्रकला धरूनही उरतात फक्त १ तास ५० मिनिटे. लहान मुलाचे बसून शिकणे दिवसाला दोन-तीन तासांचेच असते, हे दोघांनीही ओळखले होते. उरलेल्या वेळाचे काय करायचे, इथे त्यांचे रस्ते फुटतात.

पाळी पद्धत रुजली, पण तिची शान गेली. शिक्षकाला दोन तुकड्या म्हणजे दुप्पट काम. इमारतींचा तुटवडा झाकायला शहरांत ती सोयीची झाली. परुळेकरांना ती अधिकाधिक मुलांपर्यंत पोहोचण्याची वाट म्हणून हवी होती. प्रशासनाने ती काटकसर म्हणून चालवली.

मुलाच्या दिवसाकडे बघून शाळेची वेळ ठरवण्याचा सर्वांत सुंदर प्रयोग ठाणे जिल्ह्यात, आताच्या पालघरमध्ये, झाला. ताराबाई मोडकांनी १९४५मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, पुढे अनुताई वाघांसह काम कोसबाडच्या टेकडीवर नेले. वारली आदिवासी मुले शाळेत येत नव्हती. काही गुरे चारायला जात, मुली धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन फिरत. ताराबाई आणि अनुताईंनी मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली आणि तिला विकासवाडी म्हटले. भावंड पाळण्यात निजले की ताई वर्गात बसू शके. गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली: गुरे चरत आहेत त्याच माळावर शिक्षक जायचा आणि तिथल्याच दगड, पाने, बिया घेऊन शिकवायचा. या मुलांच्या शिकण्याचे तास वाढले, आणि त्यासाठी त्यांच्या घरच्या कामातला एक तासही काढून घ्यावा लागला नाही.

स्वातंत्र्यानंतर दिवस मोजण्याचे काम दिल्लीतून झाले. कोठारी आयोगाने १९६६च्या अहवालात शाळांसाठी वर्षाला ३९ आठवडे अध्यापन सुचवले. लांब सुट्ट्यांखेरीज इतर सुट्ट्या दहावर आणाव्यात, धार्मिक सणाला शाळा बंदच ठेवली पाहिजे असे नाही आणि थोरांच्या जयंतीला सुट्टीऐवजी काही काम करावे, अशी स्पष्ट भूमिका घेतली. आयोगाचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक, कोल्हापूरकडचे आणि गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीतले. महाराष्ट्रातल्या माध्यमिक शाळा संहितेत कामाचे किमान २३० दिवस आणि वर्षाला जास्तीत जास्त ७६ सुट्ट्या असा हिशेब आहे. त्यातही गावाला थोडी मोकळीक ठेवलेली आहे. कोकणातल्या शाळा उन्हाळ्याचे किंवा दिवाळीचे काही दिवस कमी करून गणपतीला सुट्टी देतात, उर्दू शाळा रमजानमध्ये सकाळच्या सत्रात भरतात.

पण नाईकांनी पुढे स्वतःच केवळ दिवस वाढवण्यापलीकडे पाहिले. त्यांच्या पत्नी चित्रा नाईकांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनने १९७९पासून पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत संध्याकाळचे वर्ग चालवले. जेवणे-खाणे आटोपल्यावर कंदिलाच्या उजेडात दोन तास, आणि शिकवायला गावातलेच कुणी अर्धवेळ. बसणाऱ्यांत मुलींची संख्या जास्त होती, कारण दिवसा पाणी, सरपण आणि भावंडे यांतून त्यांनाच सुटका नव्हती. परीक्षेऐवजी गावोगावची मुले एकत्र येऊन बालजत्रा भरवत. तासांच्या हिशेबात हे वर्ग औपचारिक शाळेच्या निम्मेही नव्हते, तरी ज्यांना शाळा कधीच मिळाली नसती अशा मुली त्यांत लिहू-वाचू लागल्या.

ऊसतोड कामगारांच्या मुलांचा प्रश्न मात्र कुठल्याच वेळापत्रकात नीट बसलेला नाही. बीड, अहिल्यानगर आणि आसपासच्या भागांतून दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायकोचा एक कोयता, सोबत पोरे. हंगाम संपून गावी परतेपर्यंत मार्च-एप्रिल उजाडतो. म्हणजे दुसरे सत्र जवळजवळ सगळे उसाच्या फडात. गावच्या शाळेने वर्षाचे सगळे दिवस भरले तरी या मुलाच्या वाट्याला पहिलेच सत्र येते. साखर कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा निघाल्या, गावात आजी-आजोबांजवळ राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे निघाली, स्थलांतराच्या ठिकाणी प्रवेश मिळावा म्हणून शिक्षण हमी कार्ड आले. ही कामे ज्यांनी केली त्यांचे मोल मोठे आहे. पण हंगाम दरवर्षी ठरल्या वेळी येतो आणि तयारीला मात्र दरवर्षी उशीर होतो, याला सबब नाही.

१ एप्रिल २०१०पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने प्रथमच किमान आकडे कायद्यात घातले. पहिली ते पाचवीला २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १,००० तास. शिक्षकाचे आठवड्याचे ४५ तास, त्यात पूर्वतयारी धरलेली. शाळेचे वर्ष कसे आखायचे हे ठरवण्याचे काम कायद्याने स्थानिक प्राधिकरणाकडे दिले. हंटर आयोगाने सुचवलेली लवचीकता १२७ वर्षांनी अशी कायद्याच्या पुस्तकात शिरली. ती वापरली जाते किती? बहुतेक जिल्ह्यांत वेळापत्रक वरून येते आणि खाली तसेच चिकटते.

काही शाळांनी मात्र आपल्या बळावर तास वाढवले. शिरूर तालुक्यातली करडेलवाडीची जिल्हा परिषद शाळा वर्षाचे ३६५ दिवस चालणारी शाळा म्हणून नावारूपाला आली. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या हिवाळी या आदिवासी पाड्यावरची शाळा ३६५ दिवस आणि दिवसाला बारा तास भरते. तिथली मुले दोन्ही हातांनी लिहिताना आणि लांबच लांब पाढे म्हणताना पाहायला राज्यभरातून शिक्षक जातात. अशा शिक्षकांपुढे हात जोडावेत. मात्र एका माणसाच्या त्यागावर उभी असलेली गोष्ट हुकूम काढून सगळ्या राज्याला लागू करता येत नाही.

तसा हुकूम निघाल्यावर काय होते, ते २०२२च्या मार्चमध्ये दिसले. मार्च २०२०पासून करोनामुळे शाळा बंद. ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग उघडले १ डिसेंबर २०२१ला, जानेवारीत पुन्हा बंद झाले. बुडालेले भरून काढायला सरकारने २४ मार्च २०२२ रोजी एप्रिलभर शाळा पूर्णवेळ चालवण्याचा आदेश काढला. मुलांचे नुकसान खरे होते, हेतू बरोबर होता. पण पत्र्याच्या छपराखाली, पंख्याविना, पाण्याच्या टाकीत खडखडाट असताना दुपारी दोनला दुसरीच्या मुलाला गणित शिकवून बघावे! २०२५मध्ये पहिली ते नववीची वार्षिक परीक्षा २५ एप्रिलपर्यंत नेली, तेव्हाही शिक्षकांनी उन्हाचाच मुद्दा मांडला. याउलट फेब्रुवारी २०२४मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा आदेश निघाला, कारण मुलांची झोप पुरी होत नाही. तो मुलांकडे बघून काढलेला आदेश होता आणि तो योग्यच होता.

दिवस वाढवण्याची मागणी चुकीची नाही. आपल्या मुलांना आणखी वेळ शिकवणे गरजेचे आहे, गरिबांच्या मुलांना तर सर्वांत जास्त, कारण त्यांना शिकवणीवर्ग नाही आणि घरी विचारायला कुणी नाही. पण आहेत ते २०० दिवस आधी खऱ्या अर्थाने मुलांना मिळाले पाहिजेत. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला शिक्षणेतर काम देता येत नाही. प्रत्यक्षात सर्वेक्षणे, ॲपवर भरायची माहिती आणि बैठका त्याच तासांतून वजा होतात. कामाचा दिवस म्हणून नोंदला गेलेला प्रत्येक दिवस शिकवण्याचा दिवस असतोच असे नाही, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे.

याच कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यातले तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. ज्यांची मुले जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या शाळेत आहेत, त्यांनी समितीच्या पुढच्या बैठकीत दोन प्रश्न विचारावेत: गेल्या वर्षी ८०० तासांपैकी शिकवण्याचे तास किती झाले, आणि आपल्या गावाच्या हंगामाप्रमाणे शाळेच्या वेळा व सुट्ट्या बदलून मिळाव्यात असा ठराव समितीने कधी केला आहे का. केला नसेल, तर तो त्याच बैठकीत करून जिल्हा परिषदेकडे पाठवावा.